जलशुद्धीकरण व वाहितमल-संस्करण प्रचालकांचे प्रशिक्षण

सार्वजनिक पाणीपुरवठा केंद्रातील पंप, निस्यंदक व निर्जंतुकीकरण यंत्रणा तसेच वाहितमल-संस्करण केंद्रातील टाक्या, वातनयंत्रे व गाळपचन यंत्रणा प्रत्यक्ष चालविणाऱ्या व्यक्तीस प्रचालक म्हणतात. केंद्राचा आराखडा अभियंता तयार करतो व पाण्याच्या गुणवत्तेची मानके आरोग्य खाते ठरविते. परंतु रात्री दोन वाजता नदीला पूर येऊन कच्च्या पाण्याचा गढूळपणा वाढला, तर तुरटीची मात्रा किती वाढवावयाची हे त्या वेळी पाळीवर असलेल्या प्रचालकालाच ठरवावे लागते. या कामासाठी त्याला कोणते ज्ञान असावे, ते त्याने कोठे मिळवावे आणि ते मिळविल्याचा पुरावा कोणता मानावा, हे प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिले. त्यांची उत्तरे मुख्यतः उत्तर अमेरिकेत शोधली गेली व त्यांतील काहींची किंमत मनुष्यहानीच्या रूपाने मोजावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाणीपुरवठ्याचे काम हे मुख्यतः पंप व नळ यांचे काम होते. बाष्पयंत्र सांभाळणारा यंत्रचालक आणि नळ जोडणारा कारागीर ही त्यातील मुख्य माणसे. दोघेही आपापले काम वरिष्ठ कारागिराच्या हाताखाली शिकत. मंद वालुका-निस्यंदकाने या व्यवस्थेत फारसा फरक पडला नाही, कारण वाळूचा वरचा थर ठराविक काळाने खरवडून काढणे एवढेच त्याचे प्रमुख काम होते. खरा बदल रसायनांनी घडविला. न्यू जर्सी राज्यातील लिट्ल फॉल्स येथे १९०२ मध्ये जॉर्ज फुलर यांच्या आराखड्यानुसार द्रुत निस्यंदन केंद्र सुरू झाले. त्यात किलाटनासाठी घालावयाच्या द्रव्याची मात्रा पाण्याच्या बदलत्या स्वरूपानुसार बदलावी लागे. त्याच राज्यात २६ सप्टेंबर १९०८ रोजी जर्सी सिटीला पाणी पुरविणाऱ्या बूंटन जलाशयावर जॉन लील यांच्या सूचनेवरून विरंजक चूर्णाचा विद्राव पाण्यात सतत सोडण्यास प्रारंभ झाला. अमेरिकेतील मोठ्या शहराच्या पाण्याचे अखंडपणे केलेले हे पहिले क्लोरिनीकरण होय. यानंतरच्या दशकात ही पद्धत झपाट्याने पसरली आणि विषमज्वराने होणारे मृत्यू उतरणीस लागले.

क्लोरिनाची मात्रा कमी पडली, तर जंतू जिवंत राहतात. अधिक झाली, तर पाण्याला उग्र वास येऊन लोक ते नाकारतात. हा तोल कसा साधावा, याचे शास्त्र एकाएकी तयार झाले नाही. पाण्यात उरलेला क्लोरीन ओळखण्यासाठी ऑर्थोटोलिडिनाची कसोटी एल्म्स व हाउझर यांनी १९१३ मध्ये प्रचारात आणली. पाण्याच्या नमुन्यात काही थेंब टाकताच येणारा पिवळा रंग नमुनारंगांशी ताडून पाहता येत असल्याने ही कसोटी रसायनशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसासही करता येऊ लागली. १९१९ मध्ये एबल वुलमन व लिन एन्स्लो यांनी असे दाखविले की, प्रत्येक पाण्याची क्लोरीन शोषून घेण्याची गरज वेगवेगळी असते. म्हणून मात्रा ठरविताना ती गरज भागून काही क्लोरीन शिल्लक राहतो की नाही हे पाहिले पाहिजे. प्रचालकाच्या शिक्षणाचा गाभा या दोन गोष्टींत आहे. किती क्लोरीन घातला यापेक्षा किती उरला हे महत्त्वाचे, आणि ते मोजल्यावाचून कळत नाही.

याच सुमारास परवान्याची कल्पना पुढे आली. जलशुद्धीकरण व वाहितमल केंद्रांच्या प्रचालकांना राज्याचा परवाना सक्तीचा करणारा पहिला कायदा न्यू जर्सी राज्याने १९१८ मध्ये केला. नव्या पद्धती प्रथम याच राज्यात रुजल्या होत्या, हे लक्षात घेता त्यात आश्चर्य नाही. इतर राज्यांनी मात्र सक्तीऐवजी शिक्षणापासून सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत राज्य आरोग्य खाती, विद्यापीठे व व्यवसायसंघ यांनी मिळून काही दिवसांच्या ‘लघुशाळा’ भरविण्यास प्रारंभ केला. लहान गावांचे प्रचालक वर्षातून एकदा एकत्र येत, प्रयोगशाळेत नमुने तपासण्याचा सराव करीत आणि एकमेकांच्या अडचणी ऐकत. त्यांतील बहुतेकांना आपल्यासारखेच काम करणारा दुसरा माणूस एरवी भेटतच नसे. त्यामुळे या शाळांचे महत्त्व त्यांतील व्याख्यानांपुरते नव्हते. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन ही संस्था १८८१ पासून अस्तित्वात होती. वाहितमलाच्या क्षेत्रातील राज्यसंघांचा महासंघ १९२८ मध्ये स्थापन झाला.

वाहितमलाच्या क्षेत्रात प्रशिक्षणाची निकड वेगळ्या कारणाने निर्माण झाली. मँचेस्टर येथील आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ मध्ये सक्रियित गाळ पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली. या पद्धतीत वाहितमलातील सेंद्रिय द्रव्य खाणारे सूक्ष्मजीव हेच यंत्र असते. त्यांना किती हवा द्यावी, गाळाचा किती भाग टाकीत परत आणावा व किती काढून टाकावा, याचा निर्णय रोज घ्यावा लागतो आणि त्यातील चुकीचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. गाळाचा रंग, वास व बसण्याची गती यांवरून टाकीची प्रकृती ओळखणारा जुना प्रचालक आणि सूक्ष्मदर्शकातून तीच गोष्ट पाहणारा रसायनज्ञ यांच्यात चालत आलेला वाद अजूनही पूर्ण मिटलेला नाही. दोघांनाही एकमेकांची गरज असते, असा अनुभव आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्रांची संख्या वाढत गेली. परंतु ती चालविणाऱ्यांच्या शिक्षणाकडे त्या प्रमाणात लक्ष दिले गेले नाही. १९७२ च्या जलप्रदूषणविषयक संघीय कायद्यान्वये वाहितमल केंद्रांच्या बांधकाम खर्चापैकी ७५ टक्के भाग अमेरिकेच्या संघीय शासनाने देऊ केला, तेव्हा ही उणीव उघडी पडली. इमारत व यंत्रे यांसाठी अनुदान होते; ती चालविण्याचा खर्च मात्र गावाने करावयाचा होता. नवी केंद्रे अपेक्षेप्रमाणे चालत नाहीत, असा अहवाल संघीय लेखापरीक्षण कार्यालयाने १९८० मध्ये दिला. त्याने दाखविलेल्या कारणांत आराखड्यातील दोष होते, तसेच प्रचालनातील उणिवाही होत्या.

या उणिवेवर सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय अगदी साधा होता. कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटो येथील राज्य विद्यापीठात केनेथ केरी या प्राध्यापकांनी १९७० च्या सुमारास प्रचालकांसाठी पत्रद्वारा शिक्षणक्रम तयार केला. पाळीवर काम करणाऱ्या माणसाला महाविद्यालयात जाता येत नाही, म्हणून पुस्तकच त्याच्याकडे पाठवावयाचे, ही त्यामागील भूमिका. पाठ लिहिताना व तपासताना अनुभवी प्रचालकांचे साहाय्य घेण्यात आले. पाठाच्या मध्येच प्रश्न घालून वाचकाने स्वतःची परीक्षा घ्यावी अशी रचना केली व गणिताची उदाहरणे रोजच्या कामातील ठेवली : टाकीचे घनफळ, क्लोरिनाचे दैनिक वजन, पंपाला पाणी चढवावे लागणारी उंची. हे ग्रंथ ‘सॅक्रमेंटो पुस्तके’ म्हणून अमेरिकेबाहेरही परिचित झाले. १९७२ मध्ये निरनिराळ्या राज्यांच्या परवाना मंडळांची संघटना स्थापन झाली व परीक्षांत काहीशी समानता येऊ लागली. केंद्राचा आकार व त्यातील प्रक्रियांची गुंतागुंत यांनुसार केंद्रांची व प्रचालकांची वर्गवारी करण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. बहुतेक ठिकाणी अशा चार श्रेणी असतात.

लहान गावांचा प्रश्न तरीही सुटला नाही. अमेरिकेत वस्त्यांना बारमाही पाणी पुरविणाऱ्या सु. ५०,००० योजना आहेत. त्यांपैकी पाचांत चारांहून अधिक योजना ३,३०० किंवा त्याहून कमी लोकांसाठी आहेत. अशा गावात पाणी सोडणारा, रस्त्यावरील बर्फ काढणारा व स्मशानभूमीतील गवत कापणारा माणूस अनेकदा एकच असतो. तो आठवडाभर प्रशिक्षणाला गेला, तर त्याच्या जागी कोणी नसते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण पाणीपुरवठा संघाने यासाठी फिरते मार्गदर्शक नेमले. घोड्यावरून गावोगाव फिरणाऱ्या जुन्या धर्मोपदेशकांना इंग्रजीत जे नाव होते, तेच या मार्गदर्शकांना पडले. ते गळती शोधण्यास मदत करतात, क्लोरीनयंत्र दुरुस्त करून देतात आणि ते करीत असतानाच शिकवितात.

मोठ्या शहरातही शिक्षण अपुरे पडू शकते, हे मिलवॉकी येथे १९९३ मध्ये दिसून आले. तेथील दक्षिणेकडील केंद्रात तुरटीऐवजी पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड हे किलाटनद्रव्य वापरण्यास नुकताच प्रारंभ झाला होता व त्याची मात्रा बदलत्या पाण्यानुसार ठरविण्याचा अनुभव प्रचालकांना नव्हता. मार्चच्या उत्तरार्धात मिशिगन सरोवराचे पाणी बिघडले, निस्यंदित पाण्याचा गढूळपणा वाढला आणि क्लोरिनाने न मरणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नळांपर्यंत पोहोचला. सु. ४,०३,००० लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. ब्रिटनमधील कॅमलफर्ड येथे ६ जुलै १९८८ रोजी घडलेली घटना याहून वेगळी होती. लोअरमूर या निर्मनुष्य केंद्रावर बदली म्हणून आलेल्या टाकीगाडीच्या चालकाने २० टन ॲल्युमिनियम सल्फेटाचा विद्राव चुकीच्या टाकीत ओतला. तेथे त्याला अडविण्यास कोणीच नव्हते. म्हणजे प्रशिक्षित प्रचालक असणे पुरेसे नाही, तो जागेवरही असावा लागतो.

मिलवॉकीच्या घटनेनंतर तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, अमेरिकेच्या सुरक्षित पेयजल कायद्यात दुरुस्ती झाली. प्रचालकांच्या प्रमाणनाची किमान तत्त्वे पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवावीत व ती न पाळणाऱ्या राज्यास पेयजल निधीतील २० टक्के रक्कम रोखून धरावी, असे ठरले. ही तत्त्वे ५ फेब्रुवारी १९९९ रोजी प्रसिद्ध झाली. माध्यमिक शिक्षण, परीक्षा, प्रत्यक्ष अनुभव व प्रमाणपत्राचे नूतनीकरण करताना पुढील प्रशिक्षण ही त्यांची मुख्य अंगे होत. पूर्वीपासून कामावर असलेल्या माणसाला परीक्षेवाचून प्रमाणपत्र देण्याची मुभा राज्यांना ठेवली गेली. मात्र असे प्रमाणपत्र त्याच केंद्रापुरते राहील, दुसरीकडे चालणार नाही, अशी अट घातली.

पूर्वसेवेच्या या सवलतीमागील विचार समजण्यासारखा आहे. वीस वर्षे पाणी सोडणाऱ्या माणसाला परीक्षेत नापास करून घरी पाठविणे अन्यायाचे वाटते, आणि त्याच्याजागी दुसरा मिळेलच असे नाही. परंतु या सवलतीत एक गृहीतक दडलेले असते, ते म्हणजे जो अनेक वर्षे काम करतो त्याला ते काम येते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील वॉकरटन या सु. ४,८०० वस्तीच्या गावात मे २००० मध्ये हे गृहीतक खोटे ठरले.

वॉकरटनला तीन विहिरींतून पाणी मिळे. त्यांपैकी पाचव्या क्रमांकाची विहीर १९७८ मध्ये खणलेली, उथळ व भेगाळ खडकातील होती. पृष्ठभागावरील पाणी तिच्यात सहज उतरे. तिच्या पाण्यात क्लोरीन घालून पंधरा मिनिटांनंतर लिटरमागे ०·५ मिग्रॅ. क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे आणि तो रोज मोजला पाहिजे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात क्लोरीन नेहमीच कमी घातला जाई व बहुतेक दिवशी तो मोजलाही जात नसे. नोंदवहीत ०·५ किंवा ०·७५ असा आकडा लिहून टाकण्यात येई. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या नमुन्यांच्या बाटल्यांवर ते जेथून घेतले नव्हते अशा ठिकाणांची नावे लिहिली जात. हे सर्व अनेक वर्षे चालू होते. गावाचे पाणी मुळातच शुद्ध आहे, अशी कर्मचाऱ्यांची खात्री होती; ते स्वतः विहिरीवरील क्लोरीन न घातलेले पाणी पीत आणि क्लोरिनाच्या चवीबद्दल नागरिक तक्रार करीत तेव्हा ती त्यांना रास्त वाटे.

८ ते १२ मे या दिवसांत मुसळधार पाऊस झाला व जवळच्या शेतावर घातलेल्या शेणखतातील जंतू पाचव्या विहिरीत उतरले. खत घालणाऱ्या शेतकऱ्याने योग्य पद्धतीच अवलंबिली होती, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. येणाऱ्या घाणीने पाण्यातील थोडाफार क्लोरीन पूर्णपणे शोषून घेतला. त्या दिवसांत कोणी एकदा जरी नमुना तपासला असता, तरी शिल्लक क्लोरीन नाही हे दिसले असते. १७ मे रोजी प्रयोगशाळेने नमुने दूषित असल्याचे पाणीपुरवठा व्यवस्थापकास कळविले. त्याने ते आरोग्य अधिकाऱ्यांना सांगितले नाही. उलट त्यांनी विचारणा केली असता पाणी ठीक असल्याचे सांगितले आणि गुपचूप नळ धुऊन काढण्यास व क्लोरीन वाढविण्यास सुरुवात केली. पाणी उकळून पिण्याची सूचना आरोग्य विभागाने अखेर २१ मे रोजी स्वतःच्या जबाबदारीवर दिली. तोपर्यंत ई. कोलाय ओ१५७:एच७ व कँपिलोबॅक्टर या जंतूंचा संसर्ग गावभर पसरला होता. सात जण दगावले व २,३०० हून अधिक लोक आजारी पडले. मुलांपैकी काहींच्या मूत्रपिंडांवर कायमचा परिणाम झाला.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२ मध्ये दोन भागांत अहवाल सादर केला. त्यातील एक बाब प्रशिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. व्यवस्थापक व मुकादम या दोघांकडेही तिसऱ्या श्रेणीचे प्रमाणपत्र होते. ते त्यांना केवळ अनुभवाच्या आधारावर, कोणताही शिक्षणक्रम न करता व परीक्षा न देता मिळाले होते. वर्षाला ४० तास प्रशिक्षणाचा नियमही लागू होता. परंतु त्या तासांत पाण्याच्या सुरक्षिततेचा विषय क्वचितच येई. म्हणजे कागदोपत्री पाहता वॉकरटनला प्रमाणित व प्रशिक्षण घेणारे प्रचालक होते. आयोगाने कर्मचाऱ्यांना दोषमुक्त केले नाही, परंतु सर्व दोष त्यांच्यावर टाकलाही नाही. प्रांतिक शासनाने पर्यावरण मंत्रालयाच्या खर्चात केलेली कपात, १९९६ मध्ये नमुना-तपासणी खाजगी प्रयोगशाळांकडे सोपविताना दूषित निष्कर्ष आरोग्य खात्यास कळविण्याचे बंधन न घालणे आणि मंत्रालयाच्या निरीक्षकांना नोंदींतील खोटेपणा न कळणे, या गोष्टीही त्याने नमूद केल्या. पाचव्या विहिरीवर क्लोरीन व गढूळपणा अखंड मोजणारी उपकरणे असती, तर ही साथ टळली असती, असे त्याचे मत होते.

सवलतीने प्रमाणपत्र मिळालेल्या सर्वांनी दोन वर्षांत परीक्षा द्यावी व पुढेही ठराविक काळाने पुन्हा प्रमाणित व्हावे, अशी शिफारस आयोगाने केली. प्रांताने २००२ मध्ये सुरक्षित पेयजल कायदा केला. २००४ मध्ये वॉकरटन येथेच प्रचालकांसाठी प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. तेथे खऱ्या यंत्रणेवर सराव करविला जातो आणि नव्या प्रचालकांना त्या गावात काय घडले हेही शिकविले जाते. दरम्यान सस्कॅचेवन प्रांतातील नॉर्थ बॅटलफर्ड येथे २००१ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियमाची साथ येऊन गेली होती. तेथील अनुभवी मुकादम काही महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता व अवसादन टाकी दुरुस्तीनंतर नीट चालत नसल्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नव्हते.

भारतात या क्षेत्रातील उच्च शिक्षणाची सोय अगोदर झाली. कलकत्त्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ मध्ये, तर नागपूरची केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. दुसरीचे नाव १९७४ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले. भारतीय जलकार्य संघ १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झाला. या संस्थांचा रोख साहजिकच अभियंता व शास्त्रज्ञ यांच्याकडे राहिला. महाराष्ट्रात पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ १ जानेवारी १९७९ पासून काम करू लागले व १९९७ मध्ये त्याचे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले; नाशिक येथे त्याची प्रशिक्षण संस्था आहे. पाणीपुरवठा योजनांच्या प्रचालनाविषयी केंद्र शासनाची स्वतंत्र मार्गदर्शिका २००५ मध्ये निघाली. प्रचालकाने परवाना घेतलाच पाहिजे अशी देशव्यापी सक्ती मात्र नाही.

सांडपाण्याच्या बाजूस प्रश्न अधिक कठोर आहे. गटाराच्या भुयारात साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडाने माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो आणि त्याला वाचवावयास उतरणाराही अनेकदा तेथेच पडतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटार व मलटाकी साफ करवून घेण्यास बंदी केली. तरीही मृत्यू थांबले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूस दहा लाख रुपये भरपाई ठरविली होती, ती २०२३ मध्ये तीस लाखांवर नेली. अशा कामात आधी हवेची तपासणी करणे, वर दुसरा माणूस उभा ठेवणे व सुटकेची दोरी बांधणे हे प्रशिक्षणाचे विषय आहेत. परंतु कंत्राटदाराकडे रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचविणे हीच खरी अडचण होय. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘नमस्ते’ या केंद्रीय योजनेत अशा कामगारांची नोंदणी व प्रशिक्षण यांचा समावेश आहे.

ग्रामीण भागात पिण्याचे पाणी हा विषय त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे येऊ शकला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने घरोघरी नळ देण्याचे उद्दिष्ट ठेवले व पुढे पंप, विजेची जोडणी व नळदुरुस्ती ही कामे एकाच स्थानिक माणसाला शिकविणारा ‘नल जल मित्र’ हा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीत हे काम पाणी सोडणारा शिपाई व जलसुरक्षक यांच्याकडे असते. टाकीत ‘टीसीएल’ म्हणजे विरंजक चूर्ण घालणे, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेस पाठविणे व स्रोताभोवतीची स्वच्छता पाहणे ही त्याची कर्तव्ये असून जलस्रोतांच्या पाहणीनंतर गावाला धोक्यानुसार लाल, पिवळे अथवा हिरवे कार्ड दिले जाते. ताज्या विरंजक चूर्णात सु. ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले किंवा ओल लागली की तो घटत जातो. म्हणून ठराविक वजनाचे चूर्ण टाकले तरी पाण्यात क्लोरीन उरेलच असे नाही. त्याची खात्री करून घेण्यासाठी नळाच्या शेवटच्या टोकाचे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनाचे थेंब टाकतात व पिवळा रंग येतो की नाही हे पाहतात. ऑर्थोटोलिडीन आरोग्यास घातक असल्यामुळे अनेक देशांत त्याची जागा १९५७ मध्ये पॅलिन यांनी सुचविलेल्या डीपीडी कसोटीने घेतली आहे; तिच्यात रंग गुलाबी येतो.